आजी-आजोबा आणि पोरांना घेऊन अंदमान: प्लॅन कसा करायचा

अंदमानला जायचं ठरलं की पहिल्या दिवशी सगळे एकच काम करतात, काय काय बघायचं त्याची यादी. आम्हीपण केली होती. सेल्युलर जेल, रॉस, नॉर्थ बे, हॅवलॉक, नील, बाराटांगच्या गुहा, जॉली बॉय, चिडिया टापू, सगळं पाच रात्रींत. एजंटला पाठवली, त्याने ती तशीच्या तशी कोंबून परत पाठवली, वर "नो प्रॉब्लेम मॅडम". प्रॉब्लेम त्याला नव्हताच, आम्हाला होता, कारण बरोबर गुडघेदुखीवाल्या सासूबाई, बीपीवाले सासरे, दहा वर्षांची लेक आणि सहा वर्षांचा धाकटा. आता दोनदा जाऊन आलोय, एकदा त्या यादीप्रमाणे आणि एकदा शहाणे होऊन, तर जे कळलं ते लिहून ठेवते. फॅमिलीला घेऊन जायचं असेल तर ठिकाणं मागाहून ठरवा, आधी तीन गोष्टींच्या वेळा बघा: ऊन, बोट आणि भरती-ओहोटी. बाकी सगळं त्यात बसवायचं, बसत नसेल ते सोडून द्यायचं.

उन्हापासून सुरू करू. घड्याळ देशभर एकच, पण अंदमान पार पूर्वेला, त्यामुळे महाराष्ट्राच्या मानाने तिथे सूर्य तासाभराहून जास्त आधी उगवतो आणि मावळतोही. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या आसपास सूर्यास्त, एप्रिलमध्ये पहाटे पाचला बाहेर लख्ख. आपण काय करतो, घरच्या सवयीने आठला उठतो, नाश्ता करत दहा वाजवतो, अकराला बीचवर पोचतो तेव्हा ऊन डोक्यावर, आणि चारला "जरा आडवे होऊ मग जाऊ" म्हणून पडलो की उठेपर्यंत दिवस संपलेला. दुसऱ्या वेळी आम्ही सरळ तिथलं घड्याळ लावून घेतलं. सव्वापाचला उठायचं, सहाला पाण्यात, साडेनऊला परत, मग भरपेट नाश्ता, दुपारभर रूमवर लोळणं पत्ते झोप, तीनला परत बाहेर. आजी-आजोबांना तर हे फारच मानवलं, ते तसेही पाचला उठून चहाची वाट बघत बसलेले असतात. रात्री नऊला सगळे गपगार. ज्यांना नाइटलाइफ हवंय त्यांनी दुसरं बेट शोधा.

कधी जायचं हा प्रश्न शाळेच्या सुट्ट्यांमुळे अवघड होतो. "मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी आपण दरवर्षी मे महिन्यात वाचतो आणि हुश्श करतो, पण ती वाचताना तुम्ही अंदमानातच असाल तर हुश्श नाही करणार. साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला पाऊस तिथे पोचतो आणि त्याच्या आधीपासूनच समुद्र बिघडायला लागतो, म्हणून उन्हाळी सुट्टीत जायचं तर परीक्षा संपल्या संपल्या एप्रिलमध्येच उरकून घ्या, मे अर्ध्यावर ढकलू नका. दिवाळीच्या सुट्टीतही पावसाची शक्यता असते, ईशान्य मान्सूनचा पाऊस तिथे पडतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात जास्त होतात, अगदी जाऊच नका असं नाही पण हातात एखादा जास्तीचा दिवस ठेवा. नाताळात गर्दी. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात छान, शाळेत चार दिवस दांडी मारायची तयारी असेल तर.

आता दिवस किती. माझं स्पष्ट मत आहे की लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर सात रात्रींच्या खाली जाऊच नये. पोर्ट ब्लेअरला पहिल्या दोन, हॅवलॉकला तीन, नीलला एक, जमलं तर दोन, आणि शेवटची रात्र परत पोर्ट ब्लेअरला. ही शेवटची रात्र म्हणजे पैसे वाया असं आमच्या ह्यांना वाटायचं. पहिल्या ट्रिपला आमच्या एजंटने सकाळची बोट आणि त्याच दिवशी दुपारचं विमान असं गुंफून दिलं होतं, कागदावर तीन तासांचा फरक, झकास दिसत होतं. सकाळी जेट्टीवर गेलो तर हवा खराब म्हणून पहिली बोट रद्द, पुढची कधी ते कोणी सांगेना, धाकटा सुटकेसवर बसून बिस्किटं खातोय आणि हे फोनवर फोन. बोट मिळाली, विमान गेलं. नवीन तिकिटं ऐनवेळच्या भावात, पाच माणसांची, सॉरी सहा. मी सहावी, मला कोणी मोजतच नाही. तेव्हापासून नियम एकच, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला पोचलेलं असायचं. जाताना पण, विमान उतरलं की लगेच त्याच दिवशी बोट धरायची घाई नको.

नावांचा गोंधळ आधीच समजून घ्या. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. लोक अजून बोलताना जुनीच नावं घेतात पण तिकिटावर, बोर्डावर नवीन असू शकतात. आमचे सासरे जेट्टीवर "हे आपलं तिकीटच नाही, आपल्याला हॅवलॉकला जायचंय" म्हणून अडून बसले होते, मागे रांग थांबलेली. मुलांना आधीच दोन्ही नावं पाठ करायला लावा, त्यांना मजा येते आणि ते मग मोठ्यांना सांभाळतात.

बोटीचं थोडं सविस्तर सांगते कारण अख्खी ट्रिप त्यावर उभी असते. दोन प्रकार आहेत, सरकारी बोटी आणि खासगी कॅटामरान. सरकारी स्वस्त, बाहेर डेकवर उभं राहता येतं, पण वेळ जास्त लागतो आणि तिकीट मिळवणं हे एक कामच आहे. खासगी म्हणजे बंद एसी केबिन, विमानासारख्या सीट, हॅवलॉकपर्यंत साधारण दीड ते दोन-अडीच तास. हॉटेलच्या आधी बोटीची तिकिटं घ्या, उलट करू नका, सीझनमध्ये सकाळच्या बोटी भरभर संपतात आणि सकाळची बोटच पाहिजे कारण दुपारनंतर वारा वाढला की बोट हलते. सगळ्यांचे ओरिजिनल आयडी लागतात, मुलांचं आधारसुद्धा, आणि तासभर आधी जेट्टीवर पोचायचं, बॅगा तपासतात. सरकारी आणि खासगी बोटींची जेट्टी एकच असेल असं धरू नका, तिकिटावर लिहिलेली बघून रिक्षावाल्याला तीच सांगा.

बोट लागते का? लागते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना तर हमखास. आमच्या लेकीने पहिल्या अर्ध्या तासात सगळं बाहेर काढलं आणि ते बघून आजीला मळमळायला लागलं. डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी घ्या आणि ती बोट सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेतली तर ती पण बाहेर. उपाशीपोटी बसवू नका आणि तुडुंब खाऊनही नको, कोरडी पोळी, टोस्ट, चुरमुरे असं काहीतरी. सीट मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या, पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त आपटतं. मोबाइल, पुस्तक बंद, खिडकीतून लांब जिथे पाणी आणि आकाश मिळतं तिकडे बघायला सांगा. आणि पिशव्या हातात ठेवा, बॅगेच्या तळाशी नकोत, हे मी अनुभवाने सांगतेय, जास्त विचारू नका.

भरती-ओहोटीकडे बहुतेक लोक बघतच नाहीत आणि मग "बीचवर पाणीच नव्हतं" म्हणतात. हॅवलॉकच्या पूर्वेकडे, गोविंदनगर विजयनगर बाजूला, जिथे बरीच रिसॉर्ट आहेत, तिथे ओहोटीला पाणी इतकं आत जातं की समोर नुसते खडक आणि मेलेलं पोवळं, पोहायचं नावच नाही. तीच जागा सहा तासांनी बघा, फोटोत असते तशी हिरवीनिळी. त्यामुळे रिसॉर्टवाल्याला फोनवर "बीचफ्रंट आहे का" एवढंच विचारू नका, "ओहोटीला पाण्यात उतरता येतं का" ते विचारा, उत्तर द्यायला तो जरा थांबला की समजून जा. कोकणातल्या लोकांना तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, सासरे चतुर्थी म्हणजे तीन वाजता असं तिथे हिशोब करत बसले होते, पण तो हिशोब कोकण किनाऱ्याचा, अंदमानात वेळा वेगळ्या पडतात. तिथे नेटवरचा टाइड चार्ट बघा किंवा सकाळी बोटवाल्यांना विचारा. बाकी गणित तेच, रोज भरती साधारण पाऊण तास पुढे जाते आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी वर पण जास्त चढतं आणि खाली पण जास्त उतरतं, अष्टमीच्या आसपास भांगाची, तेव्हा फरक कमी. नीलला लक्ष्मणपूर नंबर दोनच्या बीचवर खडकाची नैसर्गिक कमान आहे, ती ओहोटीलाच नीट बघता येते, तेव्हा खळग्यांमध्ये साचलेल्या पाण्यात समुद्री काकडी, तारामासे, खेकडे दिसतात, मुलं तासभर हलत नाहीत. पण चालणं सगळं ओल्या निसरड्या खडकांवरून, चप्पल घालून जाऊ नका आणि आजीला वरतीच नारळपाणी देऊन बसवा. आमच्या आजी बसल्या आणि परत येईस्तोवर नारळवाल्या बाईंची अख्खी वंशावळ त्यांना माहीत झाली होती.

मध्येच एक गंमत. हॅवलॉकवरच्या गावांची नावं गोविंदनगर, कृष्णनगर, राधानगर, श्यामनगर आणि नीलवरची रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना या बेटांवर वसवलं होतं, तिथून हे आलंय. मुलांना सांगायला सोपं, हॅवलॉक म्हणजे कृष्णाचं बेट आणि नील म्हणजे रामाचं. भरतपूर काचेच्या तळाच्या बोटीसाठी, लक्ष्मणपूर सूर्यास्ताला, सीतापूर सूर्योदयाला.

पोरांना पाण्यात सोडण्यासाठी राधानगर सगळ्यात चांगला. लांबलचक, वाळू मैद्यासारखी, उतार हळू, पायाला खडक लागत नाही, लाइफगार्ड असतात, कपडे बदलायला आणि आंघोळीला सोय आहे, २०२० साली त्याला ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित बीचचं प्रमाणपत्र मिळालं. सूर्यास्तही तिथेच दिसतो. पण अंधार पडायच्या आत शिट्ट्या मारून सगळ्यांना बाहेर काढतात, त्यामुळे तीनला पोचा, साडेचारला नको. मगरींचं बोलून घेऊ कारण आजी विचारणारच. हो, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्या मुख्यतः खाड्यांमध्ये, खारफुटीत असतात. बीचच्या टोकाला जिथे खाडी समुद्राला मिळते तिकडे फिरकू नका, बोर्ड लावलेला असेल तर त्याच्याबरोबर सेल्फी काढून आत उतरू नका, लाइफगार्ड सांगेल त्याच पट्ट्यात राहा. एवढं पाळलं की झालं.

मुलं पाण्यात असताना चार मोठी माणसं काठावर असली तरी कोणीच बघत नसतं, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आम्ही ड्युटी लावतो. वीस मिनिटं एकाची, ड्युटीवाल्याच्या डोक्यात लाल टोपी, त्याने मोबाइल हातात घ्यायचा नाही, गप्पा नाही, फोटो नाही, नजर फक्त दोन पोरांवर. वीस मिनिटांनी टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. टोपी घातलेला दिसला की पोरांनाही कळतं कुणाला हाक मारायची. हे वेडेपणा वाटेल पण बुडणारं माणूस सिनेमासारखं हात हलवून ओरडत नाही, तोंडात पाणी असताना आवाज निघत नाही, गुपचूप खाली जातं, म्हणून नजरच पाहिजे. खोली धाकट्याच्या बेंबीपर्यंत, मोठीच्या कमरेपर्यंत, त्याच्यापुढे मोठ्याचा हात धरूनच. दंडाला लावायचे फुगे आणि रबरी बदक ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर सोडू नका, वाऱ्याने ती मुलासकट आत जातात. लाइफ जॅकेट घातलं की खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत वर आलं तर ते सैल आहे, लहान साइझ मागा, नसेल तर त्या बोटीत मुलाला बसवू नका, बोटवाला कितीही "कुछ नहीं होता" म्हणाला तरी. पाणी आत ओढतंय असं वाटलं तर काठाकडे सरळ पोहायला धडपडायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं आणि ओढ सुटली की मग बाहेर यायचं. हे मोठ्यांनाही सांगा, आमचे हे कॉलेजात चॅम्पियन होते म्हणे, त्यांना तर दोनदा सांगा.

स्नॉर्केलिंग घरून शिकून जा

हॅवलॉकहून एलिफंट बीचला बोटीने अर्ध्या तासात पोचतो, तिथे उथळ पाण्यातच पोवळं आणि मासे दिसतात, त्यामुळे पहिल्यांदा स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून तोंड पाण्यात घालून तरंगत बघणं, करायला बरं. पण होतं काय, तिथे वेळ थोडा मिळतो आणि त्यातला अर्धा मास्क घालून घाबरण्यात जातो. लेकीचं पहिल्या वेळी तेच झालं, नाक बंद झालं की ती रडायला लागायची, मासे आम्ही बघितले आणि तिने फक्त खारं पाणी प्यायलं. दुसऱ्या वेळी मी महिनाभर आधी एक मास्क-स्नॉर्केल विकत घेतलं आणि दर रविवारी बाथरूममध्ये बादली. आधी नुसता मास्क लावून टीव्ही बघायचा आणि तोंडाने श्वास घ्यायचा, दहा मिनिटं. मग बादलीत तोंड बुडवायचं आणि तसाच श्वास. बादलीच्या तळाशी नाणी टाकायची आणि मोजायला सांगायची, मोजण्याच्या नादात भीती जाते. चौथ्या रविवारी ती बादलीतून तोंडच काढेना, धाकटा बाहेरून दार वाजवतोय.

मास्कमध्ये पाणी शिरलं तर नव्वद टक्के वेळा कडेला केस अडकलेले असतात, भुवईच्या वरचे केस सगळे मागे घ्या. मिशीवाल्या पुरुषांना पाणी शिरतंच, मिशीला व्हॅसलीन चोपडा नाहीतर मिशी काढा, आमच्याकडे व्हॅसलीन जिंकलं. काच धुरकट होते तेव्हा आतून बेबी शॅम्पूचा थेंब चोळून हलकं विसळून घ्यायचं. आणि पोवळ्यावर उभं राहायचं नाही, दमलात तर पाठीवर तरंगा. तो दगड नाही, जिवंत आहे, पाय ठेवला की मोडतो, आणि तुमचा पाय कापला तर ती जखम लवकर भरत नाही. स्कूबा डायव्हिंगला दहा वर्षांखालची मुलं घेत नाहीत, बीपी दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, आणि डाइव्ह केल्यावर विमानात बसायच्या आधी मध्ये किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. बघा, शेवटची पोर्ट ब्लेअरची रात्र इथे पण कामाला येते.

ऊन परत एकदा, कारण भाजल्यावर दोन दिवस पोरं पाण्यात जात नाहीत. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस मे महिन्यात येतो, पोर्ट ब्लेअरला एप्रिलच्या २० तारखेच्या आसपासच सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर असतो. सनस्क्रीन एसपीएफ ५०, पाण्यात जायच्या वीस मिनिटं आधी, दर दोन तासांनी परत आणि टॉवेलने पुसलं की परत. विसरणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: कानाची वरची कड, मानेची मागची बाजू, गुडघ्यांच्या मागे, पावलांच्या वर आणि केसांचा भांग. माझा भांग इतका भाजला होता की आठवडाभर कंगवा लावता येईना. मुलांना सरळ पूर्ण बाह्यांचे पोहायचे टीशर्ट घाला, सनस्क्रीन कमी लागतं, समुद्रालाही कमी त्रास. स्नॉर्केल करताना पाठ वर असते, पाण्यामुळे थंड वाटतं आणि पाठीची पापडी होते.

हॅवलॉकच्या बीचवर सँडफ्लाय म्हणून बारीक माश्या असतात, डासापेक्षा लहान, चावताना कळत नाही, रात्री कळतं. खाजवलं की चिघळतं. संध्याकाळी वाळूवर बसताना लांब पँट, पायाला खोबरेल तेलाचा जाडसर हात, टॉवेलवर न बसता खुर्चीवर बसा. चावल्यावर कॅलामाइन आणि मुलांची नखं कापलेली. औषधांत बाकी ओआरएस, तापाचं औषध, उलटीची गोळी, जखमेचं मलम. आजोबांच्या गोळ्या दुप्पट दिवसांच्या घ्या आणि दोन बॅगांत वाटून ठेवा, एक बॅग केबिनमध्ये हातात. बेटांवर प्राथमिक उपचार होतात पण मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअरच्या सरकारी हॉस्पिटललाच आणावं लागतं, म्हणजे परत बोट. जमीन बराच वेळ हलल्यासारखी वाटली तर २००४ ची त्सुनामी आठवा आणि कोणी सांगायची वाट न बघता उंचावर चाला.

सेल्युलर जेल पोचलात त्याच दिवशी दुपारी करा, ऊन उतरल्यावर, आणि लगेच संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो. १८९६ ते १९०६ दहा वर्षं बांधकाम चाललं, मधल्या मनोऱ्यापासून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, त्यातल्या आता तीन उरल्यात. मुलांना एक गोष्ट दाखवा, प्रत्येक कोठडीचं दार पुढच्या इमारतीच्या पाठीकडे तोंड करून आहे, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचं तोंडही दिसू नये. माझ्या लेकीने ते स्वतः उभं राहून तपासलं. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, जिने चढून जावं लागतं, त्यांचे थोरले भाऊ बाबाराव पण याच जेलमध्ये होते. आम्ही सासऱ्यांना खालीच बसा म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही, कठडा धरत धरत वर आले, कोठडीच्या दाराशी चपला काढल्या आणि आत जाऊन भिंतीला हात लावून उभे राहिले. धाकटा नेहमी प्रश्न विचारून भंडावतो, तो पण गप्प. म्हाताऱ्या माणसांसाठी या जागेला वेळ ठेवा, एका तासात उरकून रॉसची बोट पकडायच्या फंदात पडू नका. रॉस दुसऱ्या दिवशी सकाळी, तिथे ब्रिटिशांच्या पडक्या इमारतींना वडापिंपळांसारख्या झाडांच्या मुळांनी मिठी मारलीय आणि हरणं मोकळी फिरतात, मुलांना पडकं घर म्हणून आवडतं. जुनी वीसची नोट घरात असेल तर घेऊन जा, तिच्यामागचं दीपगृहाचं चित्र नॉर्थ बेचं आहे, पोरं नोट समोर धरून जुळवत बसतात.

बाराटांग मी लहान मुलं आणि म्हाताऱ्यांबरोबर करू नका म्हणेन. पहाटे साडेतीनला निघायचं, जिरकाटांगला गाड्यांच्या ताफ्याची वाट बघायची, मग जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून न थांबता जायचं, मग गाड्या पलीकडे नेणारी बार्ज, मग छोटी बोट, मग चिखलातून चालत गुहा, आणि हेच सगळं उलट. धाकट्याला लागोपाठ पाच तास शू नाही म्हणून सांगता येत नाही हो. त्या रस्त्यावर थांबायला, फोटो काढायला, काही द्यायला कायद्याने बंदी आहे, आणि गाडीत कोणी "जारवा दिसतील का" असं उत्साहाने विचारत असेल तर त्याला सांगा की ती माणसं त्यांच्या घरात राहतायत आणि आपण त्यांच्या अंगणातून गाडी नेतोय. त्याऐवजी तो दिवस जॉली बॉय बेटाला द्या, वांडूरहून बोट जाते, पावसाळा सोडून चालू असतं, प्लास्टिक आत नेऊ देत नाहीत त्यामुळे स्टीलच्या बाटल्या घ्या.

जेवणाचं फार टेन्शन नको. मासे खाणाऱ्यांची चैन, शाकाहारी लोकांना डाळ-भात-भाजीची थाळी सगळीकडे मिळते, पण बेटांवर दुपारी उशिरा गेलात तर संपलेलं असतं. सासूबाईंनी मेतकूट आणि तुपाची बाटली आणली होती, मी हसले होते, बोटीच्या दिवशी मेतकूट-भातच सगळ्यांच्या पोटात टिकला. हिंदी सगळीकडे चालते. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून नेट पुष्कळ सुधारलंय तरी हॅवलॉक-नीलला कधी असतं कधी नसतं, त्यामुळे तिकिटांचे स्क्रीनशॉट आणि तीन-चार दिवसांची कॅश जवळ असू द्या, यूपीआयवर राहून नारळपाण्याला उधारी मागायची वेळ येते.

आणि परत निघायच्या आदल्या रात्री मुलांचे खिसे तपासा. शंख, शिंपले, पोवळ्याचा मेलेला तुकडासुद्धा किनाऱ्यावरून उचलून न्यायला बंदी आहे आणि विमानतळावर बॅगा त्यासाठी बघतात, दुकानातून घेतलेला शंख असेल तर त्याचं बिल हातात ठेवा. आमच्या धाकट्याच्या चड्डीच्या खिशात, मोज्यात आणि आजीच्या पर्समध्ये मिळून सतरा निघाले. आजीच्या पर्समधले आजीला माहीत होते. सकाळी सहाला विमानतळावर जायच्या वाटेत रिक्षा थांबवून दोघं परत टाकायला गेले, धाकटा एकेक नाव घेऊन टाकत होता आणि आजी, "तो पांढरा राहू दे की रे, कोण बघतंय," म्हणून हळूच.